दुसरी मात्रा

धर्मग्रामाच्या कार्यालयातील स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक पानाच्या कडेला थोडा समास मोकळा सोडलेला असतो. बालकाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता हे सारे रकाने त्याच दिवशी भरून होतात. समास मात्र पुढील आयुष्यासाठी राखलेला असतो. त्या बालकाचे दृढीकरण झाले, विवाह झाला, की ती वार्ता जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून मूळ धर्मग्रामाकडे यावी आणि त्या समासात नोंदली जावी, असा ख्रिस्तसभेचा दंडक आहे. जुन्या नोंदवह्या चाळताना असे कितीतरी समास कोरेच राहिलेले दिसतात. माणसे कोठे गेली, त्यांचे पुढे काय झाले, कोण जाणे!

सरकारी आरोग्य खातेही अशीच एक नोंद ठेवते. तिला माता व बाल संरक्षण कार्ड म्हणतात. पास्काच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही वाडीवाडीतून हिंडतो, तेव्हा ज्या घरी पाळणा हलत असतो तेथे आम्ही हे कार्ड पाहावयास मागतो. प्रारंभी लोकांना ह्याचे नवल वाटे. एका आजीबाईंनी तर आम्हांला तोंडावर विचारले, "फादर, देवळाचं काम कमी पडतं वाटतं, म्हणून नर्सबाईचं धरलंत?" आम्ही हसलो आणि कार्ड मागून घेतले.

ह्या कार्डांची एक गंमत आहे. जन्मल्याबरोबर द्यावयाची बीसीजी, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस, येथपर्यंतचे रकाने बहुधा भरलेले असतात. त्यापुढे बाळ वर्षाचे होते, केक कापला जातो, फोटो निघतात, ते दुडुदुडु धावू लागते, आणि आईवडिलांच्या मनात लसीकरण नावाचे प्रकरण संपून जाते. सोळा ते चोवीस महिने ह्या वयाचा रकाना नंतर कितीतरी कार्डांवर कोरा दिसतो. बाळ धट्टेकट्टे आहे, दवाखान्यात कशाला न्यायचे, असा साधा हिशेब त्यामागे असतो. त्या एका रकान्यात गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा असते, त्रिगुणी आणि पोलिओची वर्धक मात्रा असते. आणि आमच्यासारख्या काही जिल्ह्यांत आणखी एक नाव असते, जपानी मेंदूज्वर, मात्रा दुसरी. आज आम्हांला लिहावयाचे आहे ते ह्या शेवटच्या नावाविषयी.

रायगड जिल्ह्यात हे नाव पुष्कळांनी प्रथम ऐकले ते २०२५ साली. त्या वर्षी पुणे आणि रायगड जिल्ह्यांतील एक ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम निघाली. आमच्या शाळेच्या सभागृहातही टेबले मांडली गेली. विदर्भातील गडचिरोलीसारख्या धानाच्या मुलखाला ही लस ठाऊक होती. कोकणाला ती नवी होती. "जपानचा रोग आमच्या पोरांना कशाला?" हा प्रश्न आम्हांला त्या आठवड्यात किती वेळा विचारला गेला ह्याची गणती नाही. प्रश्न रास्त होता. नावे कधी कधी अशी फसवी असतात.

जपानमध्ये ह्या रोगाची पहिली नोंद १८७१ सालची. १९२४ साली तेथे मोठी साथ आली, सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले, आणि १९३५ साली टोकियोत एका मृत रुग्णाच्या मेंदूतून हा विषाणू वेगळा काढण्यात आला. म्हणून त्याला जपानी म्हणावयाचे, एवढेच. भारतात तो ओळखला गेला १९५५ साली, तमिळनाडूतील वेल्लोर येथे. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील टेल्फर्ड वर्क आणि कीर्ती शहा ह्या संशोधकांनी उत्तर अर्काट जिल्ह्यातील रुग्णांच्या रक्तावरून तो पटवून दिला. आज त्या केंद्राला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. पुढे १९७३ साली बंगालच्या बांकुरा व बर्दवान जिल्ह्यांत मोठी साथ झाली, आणि १९७८ पासून पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या परिसरात ह्या रोगाने जणू ठाणच मांडले.

गोरखपूरचे नाव निघाले म्हणून सांगतो. २००५ सालच्या सप्टेंबरात आम्ही त्या बाजूस गेलो होतो. सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्या भागातील मिशनमध्ये सेवा करीत होते. त्यांचे बरेच दिवसांचे आमंत्रण होते. गाडी उत्तरेकडे सरकू लागली तशी खिडकीतून दोन्ही बाजूंना भातशेतीच भातशेती दिसू लागली. पाणी साचलेली खाचरे, त्यांतून पांढरे बगळे, बांधाबांधाने म्हशी, गावाच्या कडेला चिखलात लोळणारी डुकरे. कोकणातल्या माणसाला तो देखावा परका वाटला नाही. आम्ही मित्राला तसे म्हणालोही. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तो आम्हांला तेथील एका मोठ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेला, तेव्हा त्या मौनाचा अर्थ कळला.

त्या वॉर्डाचे वर्णन आम्ही मोजक्याच शब्दांत करतो. एकेका खाटेवर दोन दोन, तीन तीन मुले होती. खाटा संपल्या तेथे सतरंज्या होत्या. बहुतेक मुले शुद्धीवर नव्हती. एखाद्याला झटका येई, तेव्हा त्याच्या अंगाची लाकडासारखी कमान होई आणि आई त्याचे पाय धरून बसे. आवाज फारसा नव्हता, आणि तीच गोष्ट आमच्या मनावर सर्वांत अधिक कोरली गेली. मुलांचा वॉर्ड आणि रडणे नाही! खेड्यातील लोक ह्याला दिमागी बुखार म्हणत. काही म्हातारे नवकी बीमारी म्हणत, म्हणजे नवीन आजार. त्या एका पावसाळ्यात पूर्व उत्तर प्रदेशात पाच हजारांहून अधिक रुग्ण झाले आणि तेराशेहून अधिक दगावले. त्यांत बहुतांश मुलेच होती.

मित्राच्या मिशनच्या आवारात एक सहा-सात वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी आईबरोबर येऊन बसत असे. तो आदल्या वर्षीच्या साथीतून वाचलेला होता. वाचला असे आम्ही लिहितो, आणि डॉक्टरांच्या वहीतही तसेच लिहिलेले असणार. त्याचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होता. हात थरथरत. तो बोलत नसे. आई त्याच्या तोंडात भाताचा एक एक घास घाली, आणि तो गिळला जाईपर्यंत त्याच्या गळ्यावरून हलकेच हात फिरवी. ती आम्हांला म्हणाली, "पहले बहुत बोलता था, फादरजी. इतना बोलता था कि हम डाँटते थे।" ह्यावर काय बोलावे हे आम्हांला सेमिनरीत कोणी शिकविले नव्हते, आणि अजूनही आम्हांला ते ठाऊक नाही.

ह्या रोगाचे अंकगणित विचित्र आहे. विषाणू शरीरात शिरलेल्यांपैकी सुमारे अडीचशेंत एकाच व्यक्तीला गंभीर आजार होतो. बाकीच्यांना काही कळतही नाही. परंतु ज्याच्या मेंदूला तो धरतो, त्याच्यावर विषाणू मारणारे औषध आजही उपलब्ध नाही. अशा रुग्णांपैकी शंभरांत वीस ते तीस दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी तीस ते पन्नास टक्के जणांना कायमचे व्यंग राहते. अडीचशेंत एक हा आकडा ऐकून ज्याला दिलासा वाटतो, त्याने आपल्या तालुक्यातील लहान मुले मोजून पाहावीत.

आता ती खाचरे, ते बगळे आणि ती डुकरे ह्यांचा संबंध सांगितला पाहिजे. विषाणूचे मूळ घर म्हणजे बगळे, ढोकरी अशा पाणथळीत राहणाऱ्या पक्ष्यांचे शरीर. क्युलेक्स जातीचा डास, जो साचलेल्या स्वच्छ पाण्यात आणि विशेषतः भाताच्या खाचरांत वाढतो, तो विषाणू पक्ष्यांकडून डुकरांकडे नेतो. डुकराच्या रक्तात तो अफाट वाढतो. डुकराला स्वतःला मात्र बहुधा काही होत नाही, फार तर गाभण डुकरीण गर्भ टाकते. डुकराचे आयुष्य थोडे, त्याला दरवर्षी नवी पिले होतात, आणि त्या कोवळ्या पिलांच्या अंगी कसलीच प्रतिकारशक्ती नसते. त्यामुळे विषाणूला दरवर्षी नवे कोठार मिळते. तेथून डास भरून घेतात आणि तिन्हीसांजेच्या सुमारास अंगणात खेळणाऱ्या मुलाला चावतात.

डुकरांचा विषय ख्रिस्ती घरांत निघाला की लोक जरा सावरून बसतात. गोव्यापासून वसईपर्यंत आपल्या लोकांनी परसात डुकरे पाळली आहेत, नाताळाला आणि लग्नाला सोरपोतेल रांधले आहे. म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो: हा रोग मांस खाल्ल्याने होत नाही. डुकरे पाळणे हे पापही नव्हे. केवळ ती राहत्या घरापासून, मुलांच्या निजण्याच्या जागेपासून दूर असावीत, आणि गोठ्याजवळ पाणी साचू देऊ नये. आमच्या एका धर्मग्रामस्थाने ह्यावर आम्हांला विचारले, "मग फादर, बगळ्यांना काय सांगायचं?" त्यालाही आमच्यापाशी उत्तर नाही. बगळे हाकलता येत नाहीत, भातशेती बंद करता येत नाही. घरात औषध फवारून ह्या डासाचे फारसे बिघडत नाही, कारण तो बहुतेक वेळ गुराढोरांजवळ, उघड्यावरच असतो. मच्छरदाणी वापरावी, मुलांना संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, हे सारे योग्यच. पण भाताच्या मुलखात खरी भिंत उभी राहते ती लसीची.

आणि येथेच दुसऱ्या मात्रेचा प्रश्न येतो. ज्याच्यासाठी आम्ही हे लिहावयास बसलो, तो एक तरुण बाप आहे. त्याचे लग्न आम्हीच लावले, त्याच्या मुलाचा स्नानसंस्कारही आम्हीच केला. तो शिकलेला आहे, कारखान्यात चांगल्या पदावर आहे, देवळाच्या गायनवृंदात गातो. मुलाला नवव्या महिन्यात पहिली मात्रा मिळाली, आणि त्यानंतर दोन दिवस त्याला ताप आला. दुसऱ्या मात्रेची वेळ आली तेव्हा बापाने ठाम नकार दिला. त्याच्या बायकोला मात्रा हवी होती. घरात अबोला धरला गेला. शेवटी ती आमच्याकडे आली, आणि एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्याला थांबवून घेतले.

त्याचे पहिले म्हणणे असे, "फादर, वाडीतल्या सगळ्या पोरांना दिलेली आहे. सगळी सुरक्षित असली की माझ्या पोराला कुठून होणार? पोलिओ असाच गेला ना?"

हे म्हणणे चतुर आहे, आणि पोलिओच्या बाबतीत खरेही आहे. पोलिओ आणि गोवर माणसाकडून माणसाकडे जातात. चहूबाजूंची मुले लस घेतलेली असली की त्या विषाणूला वाट सापडत नाही, आणि एखादे लस न घेतलेले मूलही इतरांच्या आडोशाने वाचते. त्याच मार्गाने आपला देश २०१४ साली पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु जपानी मेंदूज्वर माणसाकडून माणसाकडे जातच नाही. माणसाच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की त्याला चावलेला डास तो पुढे नेऊ शकत नाही. विषाणूची वाट माणसापाशी येऊन खुंटते. तो फिरतो पक्ष्यांत आणि डुकरांत. त्यांना कोण लस देणार? म्हणून सगळ्या वाडीने लस घेतली तरी खाचरातल्या डासाचे विष तसूभर उणे होत नाही. येथे शेजाऱ्याच्या मुलाची लस शेजाऱ्याच्याच मुलाला वाचविते. सामूहिक प्रतिकारशक्तीचे छत्र ह्या रोगात उघडत नाही. प्रत्येक मूल आपापल्या दंडावर जे घेऊन आले असेल, त्यावरच उभे असते.

तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने दुसरा प्रश्न काढला, आणि तो अधिक अवघड होता. "मी वाचलं आहे फादर, जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जिवंत लसीची एकच मात्रा पुरे. मग आपल्याकडे दोन कशाला?"

त्याने वाचले होते ते खरे होते. ह्या संघटनेने २०१५ साली आपले मत प्रसिद्ध केले, त्यात दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूच्या लसीची एकच मात्रा सांगितली आहे. नेपाळच्या तराईत १९९९ साली ह्या लसीची एक मात्रा दिली गेली, आणि पाच वर्षांनंतरही तिचा प्रभाव शंभरांत शहाण्णव इतका टिकून होता, असे तेथे आढळले. लबाडी करून हा आकडा लपविण्यात अर्थ नाही. आमचा अनुभव असा, की धर्माच्या असोत वा औषधाच्या असोत, अडचणीच्या गोष्टी लपविल्याने श्रद्धा वाढत नाही.

परंतु गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. २००५ च्या आकांतानंतर भारताने चीनच्या चेंगदू येथे तयार होणारी हीच जिवंत लस आणली. २००६ साली उत्तर प्रदेश, आसाम, पश्चिम बंगाल आणि कर्नाटक ह्या चार राज्यांतील अकरा जिल्ह्यांत एक ते पंधरा वर्षांच्या मुलांना तिची एकेक मात्रा देण्यात आली. पुढे आपल्याकडे रक्त तपासून पाहता एका मात्रेनंतरचे संरक्षण नेपाळइतके भक्कम आढळले नाही. काही मुलांच्या शरीराने पहिल्या मात्रेची दखलच पुरेशी घेतली नव्हती. म्हणून २०१३ साली शासनाने दोन मात्रांचा नियम केला: पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. त्याच वर्षी भारतातच बनविलेली जेनव्हॅक ही लसही आली. कर्नाटकातील कोलार येथे १९८१ साली एका रुग्णापासून मिळालेल्या विषाणूपासून, पुण्याच्या संस्थेच्या साहाय्याने ती घडविली गेली. ती मारलेल्या विषाणूची लस आहे, आणि मारलेल्या विषाणूची ओळख शरीराला पक्की पटण्यासाठी बहुधा दुसऱ्यांदा गाठ घालून द्यावी लागते.

आम्ही त्याला दृढीकरणाची उपमा देणार होतो, पण आवरते घेतले. स्नानसंस्कार काळानुसार क्षीण होत नाही; लसीचा प्रभाव होतो. आमचे तत्त्वज्ञानाचे वृद्ध प्राध्यापक लॅटिनमध्ये म्हणत असत, प्रत्येक उपमा एका पायाने लंगडते. ही दोन्ही पायांनी लंगडली असती.

त्याऐवजी आम्ही त्याला जपानचीच गोष्ट सांगितली. तेथे तिसऱ्या वर्षी दोन मात्रा देतात, वर्षभराने तिसरी वर्धक मात्रा आणि नवव्या वर्षी आणखी एक. पूर्वी ही लस उंदरांच्या मेंदूत विषाणू वाढवून केली जात असे. आपल्याकडे हिमाचलातील कसौलीच्या संस्थेतही ती होत असे. तिच्या तीन मात्रा आणि दर काही वर्षांनी पुन्हा वर्धक मात्रा द्याव्या लागत. खेड्यापाड्यांतील लोकांकडून हे पथ्य निभावले जाणे कठीणच होते. जपानमध्ये ह्या लसीनंतर एका मुलीच्या मेंदूला गंभीर इजा झाली होती, आणि त्यामुळे २००५ सालच्या मे महिन्यात सरकारने लसीची शिफारस थांबविली. पाहा, तेच वर्ष! त्याच पावसाळ्यात गोरखपूरची मुले लसीवाचून जात होती. जपानने हा प्रश्न अर्धवट सोडला नाही. प्रयोगशाळेतील पेशींवर वाढविलेली नवी लस २००९ साली आली, २०१० साली शिफारस पुन्हा सुरू झाली, आणि मधल्या काळात ज्या मुलांच्या मात्रा राहून गेल्या, त्यांना वयाची वीस वर्षे होईपर्यंत त्या पूर्ण करून घेण्याची मुभा दिली गेली. तेथे आता वर्षाकाठी मोजकेच रुग्ण होतात. तरीही दर उन्हाळ्यात कत्तलखान्यांतील डुकरांचे रक्त तपासून विषाणू अद्याप फिरतो आहे किंवा नाही हे पाहिले जाते, आणि तो फिरत असतोच. रुग्ण नाहीत म्हणून रोग गेला, असे ते लोक समजत नाहीत.

ह्या नव्या लसींविषयी आणखी एक शंका आमच्याकडे आली, ती एका भाविक भगिनीकडून. करोनाच्या काळात गर्भपात झालेल्या अर्भकांच्या पेशींचा विषय पुष्कळ चर्चिला गेला. त्यावर परमधर्मपीठाच्या श्रद्धाविषयक मंडळाने २०२० च्या डिसेंबरात मार्गदर्शनही केले. दुसरा पर्याय नसेल तर अशा लसी घेण्यास नैतिक आडकाठी नाही, असे त्यात सांगितले आहे. जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. चिनी लस हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवितात. आणि जेनव्हॅक किंवा जपानची नवी लस व्हेरो पेशींवर, ज्या १९६२ साली जपानमध्ये आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून काढल्या गेल्या. त्या भगिनीचे समाधान झाले. "माकड चालेल," ती म्हणाली, आणि आम्हां दोघांनाही हसू आवरले नाही.

अजून एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो, तो म्हणजे लस घेऊनही मेंदूज्वर होतो. होतो, परंतु तो बहुधा वेगळा असतो. मेंदूला सूज आणणारे रोग अनेक आहेत. गोरखपूरमध्ये लसीनंतर जपानी मेंदूज्वराचा वाटा घटला, तरी मुले आजारी पडतच राहिली. तेव्हा शोध घेता त्यांतील पुष्कळांना स्क्रब टायफस, म्हणजे गवतातील बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप असल्याचे निष्पन्न झाले. त्यावर साधी प्रतिजैविके वेळीच दिली तर गुण येतो. आपल्या नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाच्या नावाने ओळखला जाणारा विषाणू १९६५ साली सापडला. त्याने २००३ साली आंध्र प्रदेशात आणि २०२४ साली गुजरातेत मुलांचे बळी घेतले; तो वाळूमाशीमुळे पसरतो, आणि त्यावर लस नाही. एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागली नाही, म्हणून किल्ली फेकून देणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. लसीच्या बाबतीत मात्र अशी माणसे रोज भेटतात.

तो तरुण बाप त्या रविवारी काहीच न बोलता घरी गेला. आम्हीही त्याच्या मागे लागलो नाही. ताप आलेल्या बाळाला दोन रात्री खांद्यावर घेऊन फिरलेल्या माणसाची भीती खरी असते. दोन दिवसांचा ताप आणि दंडाची सूज हे ह्या लसीचे नेहमीचे परिणाम आहेत, हे त्याला एकदा सांगून झाले होते, दहा वेळा सांगून त्यात भर पडली नसती. गोरखपूरच्या त्या मुलाविषयीही आम्ही त्याला काही सांगितले नाही. परक्याच्या लेकराचे दुःख दाखवून कोणाला धाक घालणे आमच्या जिवावर येते. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर त्याची आई नातवाला कडेवर घेऊन रांगेत उभी असलेली सिस्टरांना दिसली. "त्याचा बाप कामाला गेलाय," म्हातारी म्हणाली, "पण जाताना कार्ड टेबलावर काढून ठेवलं त्याने." घरातला अबोला सुटला की नाही, हे आम्ही विचारले नाही. पुढच्या रविवारी तो गायनवृंदात उभा होता.

आमची खरी काळजी मात्र वेगळ्याच घरांची आहे. आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीत कातकरी वाड्या आहेत. दिवाळी झाली की ही माणसे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात, पेण, पनवेल, भिवंडी, मुकादम नेईल तेथे, आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाळ पावसाळ्यात नऊ महिन्यांचे झाले तर पहिली मात्रा गावी मिळते. दुसरीचे वय भरते ते भट्टीवर. तेथे त्यांना कोणी ओळखत नाही, आणि वाडीवरची आशाताई त्यांना शोधत भट्टीवर जाऊ शकत नाही. ह्या घरांत नकार नसतो, शंकाही नसते. केवळ मूल आणि लस एका जागी येत नाहीत. पुस्तकी बापाशी वाद घालता येतो. येथे वाद कोणाशी घालणार?

आमच्या दवाखान्यातील धर्मभगिनींनी गेल्या दिवाळीपूर्वी एक साधी युक्ती केली. वाडीवर जाऊन दोन वर्षांखालील प्रत्येक मुलाच्या कार्डावरून दुसऱ्या मात्रेचा महिना एका वहीत उतरवून घेतला. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याचे तोंड शिवले, आणि आयांना बजावले, की हे कोणत्याही सरकारी दवाखान्यात दाखविले तर लस मिळते, पैसे पडत नाहीत, आणि वेळ टळून गेली तरी पंधरा वर्षांच्या वयापर्यंत ती घेता येते. मुकादमांकडून भट्ट्यांचे ठिकाण लिहून घेतले. मग ती यादी त्या त्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे पोहोचविली. दोन केंद्रांनी उत्साहाने साथ दिली. एकाने यादी ठेवून घेतली, एवढेच म्हणता येईल.

फेब्रुवारीत आम्ही सिस्टरांबरोबर पेणच्या बाजूच्या एका भट्टीवर गेलो. तेथील केंद्राची परिचारिका आपला निळा डबा खांद्याला अडकवून आधीच पोहोचली होती. उन्हात कच्च्या विटांच्या रांगा मांडलेल्या होत्या, आणि त्यांच्यामधून मुले पळत होती. वहीत सात नावे होती. पाच मुले सापडली. एक कुटुंब मुकादमाशी भांडून दुसऱ्या भट्टीवर निघून गेले होते. एक मूल आईबरोबर मामाच्या गावी गेले होते. सापडलेल्या पाचांपैकी चौघांची कार्डे पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, तशीच्या तशी शिवलेली निघाली. पाचवीच्या आईने पिशवी उसवून तिच्यात पैसे ठेवले होते, पण कार्ड जागेवर होते. परिचारिकेने पाचही मुलांना टोचले, तारखा लिहिल्या, आणि अर्धा तास सगळ्यांना तेथेच बसवून ठेवले. निघताना तिने सिस्टरांकडून त्या दोन राहिलेल्या मुलांची नावे आपल्या डायरीत उतरवून घेतली आणि मुकादमाला विचारले, ती दुसरी भट्टी कोणत्या रस्त्याला आहे.